जुन्या पिकअपची वीज : नवा भाग घालण्यापूर्वी सांधा पाहावा

पुणे शहरातील गुलटेकडीच्या बाजार आवारात भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येऊ लागतात. पुरंदर, जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतून निघालेला माल उजाडण्यापूर्वी अडत्याच्या गाळ्यासमोर उतरला पाहिजे. अन्यथा मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या कोमेजतात, गिऱ्हाईक पुढच्या गाळ्याकडे वळते आणि हाती पडणारी पट्टी पाहून शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. हा माल वाहून आणणाऱ्या गाड्यांत लहान पिकअप पुष्कळ असतात व त्यांत दहा-बारा वर्षांचा वापर झालेल्या गाड्याही थोड्या नसतात. अनेकदा त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात.

अशा गाडीचे इंजिन बहुधा धडधाकट असते. दुखणे असते ते विजेचे. एक हेडलाइट मंद जळतो. ब्रेक दाबताच मागील दिवा उजळण्याऐवजी विझतो. एका बाजूचा इंडिकेटर लावला की दोन्ही बाजू लुकलुकतात. सेल्फ कधी इंजिन उचलतो, तर कधी नुसती टकटक करून गप्प बसतो. मालकास विचारावे तर तो म्हणतो, "बॅटरी गेल्याच वर्षी नवी घातली, डायनॅमोही भरून घेतला, आता आणखी काय करायचे?" त्याचा त्रागा खोटा नसतो. पैसे खरोखरच खर्च झालेले असतात. मात्र ज्या ठिकाणी बिघाड होता त्या ठिकाणी कोणाचा हात पोहोचलेला नसतो.

जुन्या गाडीतील विजेचा बिघाड बहुतेक वेळा भागांत नसून सांध्यांत असतो, आणि त्यांतही अर्थिंगच्या सांध्यांत असतो, ही गोष्ट अनुभवी वायरमनला ठाऊक असते. शेतकऱ्यासही ती ठाऊक होणे अगत्याचे आहे. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नसेल तर शहाणा शेतकरी विहिरीवर दुसरा पंप बसवीत नाही. तो खांद्यावर फावडे टाकून पाटाच्या कडेने चालत जातो व पाणी कोठे मुरते ते पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी आधी पंप बदलतो.

गाडीतील वीज बॅटरीच्या धन टोकाकडून निघून फ्यूज व बटण यांमधून तारेने दिव्यापर्यंत जाते. परत येताना तिला बहुतेक वाट वेगळ्या तारेची नसते. ती गाडीच्या पत्र्यातून व चासीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. म्हणजे गाडीचे अंग हीच अर्धी तार होय. नव्या गाडीत हा पत्रा स्वच्छ असतो व बोल्ट घट्ट असतात. दहा पावसाळे झाले की बोल्टखाली गंज धरतो, तारेच्या टोकाला हिरवा थर चढतो आणि विजेच्या परतीच्या वाटेत जणू बांध पडतो. दिवा तोच, बॅटरी तीच. उजेड मात्र पडत नाही.

हा बांध किती लहान असला तरी पुरतो, हे आकड्यांनी चांगले ध्यानी येते. हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर वीज घेतो. वाटेत केवळ ०.२ ओहम इतका अडथळा आला तरी सुमारे १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. फिलामेंटच्या दिव्याचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. सेल्फची गोष्ट याहून कठीण आहे. डिझेल गाडीचा सेल्फ इंजिन फिरविताना दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक वीज ओढतो. तेथे एक शतांश ओहमचा अडथळासुद्धा २ व्होल्ट गिळून टाकतो. मग नवी बॅटरीही म्हातारी वाटू लागते आणि दुकानदाराकडे खेप होते.

शेतमालाच्या गाडीस हा रोग इतर गाड्यांपेक्षा लवकर जडतो, याची कारणे शेतीच्या कामातच आहेत. ज्या हौद्यातून पालेभाजी जाते त्याच हौद्यातून परतीच्या फेरीत खताच्या गोण्या येतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड जातीचे मीठ आहे. फाटक्या गोणीतून सांडलेली त्याची भुकटी फळ्यांच्या फटींतून खाली जाते आणि भाजीवर मारलेल्या पाण्याने भिजून मागील दिव्यांच्या तारांवर व बोल्टांवर बसते. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड व तांबे दोन्ही झिजू लागतात. युरिया ओला होऊन कुजला की त्यातून अमोनिया सुटतो आणि तो पितळेच्या होल्डरांना बाधतो. यात शेणखताची फेरी झाली तर विचारावयास नको. हौदा पाण्याने धुतला जातो खरा, पण ते पाणीही शेवटी मागच्या दिव्यांवरूनच निथळते. मावळ-मुळशीकडे पावसाळाभर गाडी कोरडी होतच नाही. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, तो भाग निराळाच.

सांधा पाहावयाचा तो कसा, याविषयी उगीच भीती बाळगण्याचे कारण नाही. १२ व्होल्टचा एक जुना बल्ब, होल्डर आणि दोन तारा एवढ्यावर टेस्ट लॅम्प तयार होतो. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. फवारणीच्या एका खेपेच्या औषधापेक्षा तो महाग पडत नाही व वर्षानुवर्षे टिकतो.

प्रथम बॅटरी पाहावी. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी मल्टिमीटर लावला असता चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२ किंवा त्याखाली आकडा असेल तर ती रिकामी झाली आहे असे समजावे. मात्र रिकामी झालेली बॅटरी खराबच असते असे नाही. विहीर आटली म्हणजे विहिरीचा दोष, असे कोणी म्हणत नाही. इंजिन चालू करून पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर डायनॅमो, म्हणजे आजच्या गाड्यांतील अल्टरनेटर, आपले काम करीत आहे. तो न येता १२ वरच रेंगाळला तर पट्टा सैल आहे काय, अल्टरनेटरची मागची तार सुटली आहे काय हे पाहून मगच तो उतरवावा. ही दोन मोजमापे दोन मिनिटांची आहेत, आणि ती न घेताच किती बॅटऱ्या विकत घेतल्या जात असतील याचा विचार केला तर खेद होतो.

यानंतर अर्थिंग. मंद जळणाऱ्या दिव्यासाठी एक लांब तार घ्यावी, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास लावावे व दुसरे टोक त्या दिव्याच्या होल्डरच्या अंगास टेकवावे. दिवा एकदम उजळला तर बल्ब, बटण व वरची तार निर्दोष असून परतीची वाट तुटली आहे, हे सिद्ध झाले. ब्रेक दाबताच मागील दिवा विझण्याचे कोडेही येथेच उलगडते. मागील बल्बात दोन फिलामेंट असतात, एक ५ वॅटचे रात्रीच्या दिव्यासाठी व दुसरे २१ वॅटचे ब्रेकसाठी. दोघांचे अर्थिंग एकच. ते तुटले की रात्रीच्या दिव्याची वीज ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी शिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून वाट काढते व दिवा कसाबसा मिणमिणतो. ब्रेक दाबला की तीही वाट बंद होते. चालकाने नेमका ज्या क्षणी थांबण्याचा इशारा दिला, त्याच क्षणी त्याची गाडी मागच्यास दिसेनाशी होते.

सासवडहून पुण्याकडे येणारी गाडी दिवे घाट उतरून वडकीला येते. वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटातून वर चढते, तेव्हा तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. एरवी पहाटे तीन वाजता वाटाण्याच्या पोत्यांनी लादलेली गाडी त्याची वळणे उतरत असते तेव्हा तिच्याकडे पाहणारे कोणी नसते, फक्त मागून येणारा दुसरा चालक असतो. उतारावर ब्रेक वारंवार लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागील तांबडा दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. गंजलेल्या एका बोल्टामुळे ते अंतर शून्यावर येते. मालाचे नुकसान पुढच्या पिकात भरून निघेल, घाटात गमावलेला मुलगा परत येत नाही. म्हणून या लेखाचा विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्राचा मानू नये.

सेल्फचे अर्थिंग पाहण्याची रीत अशी. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावे आणि दुसऱ्या माणसास किल्ली फिरविण्यास सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिन व चासी, किंवा चासी व बॅटरी यांना जोडणारी जाड पट्टी खराब झाली आहे. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी नसेल तर वीज मिळेल त्या वाटेने, प्रसंगी ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, परतू पाहते आणि केबल तापते. इंजिन उतरवून काम केल्यानंतर ही पट्टी परत जोडावयाची राहून जाणे ही गॅरेजांतील नेहमीची चूक आहे.

दोष सापडल्यावरची दुरुस्ती अगदी स्वस्त असते. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासावा, तारेला नवे थिंबल दाबून बसवावे, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि सर्व झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. तार पिळून वर टेप गुंडाळणे याला जोड म्हणता येत नाही; एका पावसाळ्यात तो आतून हिरवा होतो. कामास हात घालताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी लावावे, हातातील अंगठी काढून ठेवावी, आणि बॅटरीपाशी विडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो.

उभ्या गाडीत बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर साध्या बांधणीच्या जुन्या गाडीत शोध सोपा आहे. सर्व बटणे बंद करून ऋण टोक सोडावे व त्या टोकाच्या आणि खांबाच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरावा. तो स्पष्ट पेटला तर कोठेतरी वीज गळते आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल त्याच फांदीत गळती आहे. बहुधा शेवटी हाती लागते ती हौसेने बसविलेल्या कर्ण्याची, गाण्यांच्या यंत्राची किंवा झगमगीत एलईडी पट्टीची थेट बॅटरीवरून ओढलेली तार.

फ्यूजबाबत एक गोष्ट कठोरपणे सांगणे भाग आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची चाल निव्वळ आत्मघातकी आहे. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तो वारंवार जातो याचा अर्थ तार कोठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे. फ्यूज दांडगा केला की जळावयाची पाळी तारेवर येते, आणि तार जळते ती डॅशबोर्डच्या मागे, डिझेलच्या नळीशेजारी किंवा रिकाम्या क्रेटांच्या खाली. ज्याने ही 'युक्ती' शिकविली त्याचे आभार मानण्याची रीत अजून चालू आहे, हे आश्चर्य होय.

येथे गाडीच्या वायरमनविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत व शहरात हुशार कारागिरांची वाण नाही. पण शेतकरी त्यांच्याकडे जातो केव्हा? माल उतरल्यावर, रात्रीच्या जागरणाने डोळे चुरचुरत असताना, परतीची घाई लागलेली असताना. दहा मिनिटांत गाडी द्या, हा त्याचा आग्रह असतो. सांधा शोधण्यास एखादे वेळी तास-दीड तास लागतो आणि अखेरीस बदलले जाते ते दोन रुपयांचे थिंबल. त्या तासाची मजुरी मागितली तर शेतकरी म्हणतो, "एवढ्याशा कामाचे इतके पैसे?" नवा अल्टरनेटर बसविला तर मात्र तो मुकाट्याने हजारो रुपये मोजतो, कारण वस्तू डोळ्यांना दिसते. ज्या ठिकाणी निदानाला मोल नाही तेथे कारागीर भाग विकूनच पोट भरणार. माती परीक्षण न करता खताचा डोस वाढविणाऱ्यास विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे समजावीत आले आहेत. गाडीच्या बाबतीत तेच समजावयाचे आहे. शोधण्याची मजुरी स्वखुशीने द्यावी, किंवा स्वतः मोजून आकडा कागदावर लिहून न्यावा. आकडा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी वायरमन वेगळ्या रीतीने बोलतो.

'टेम्पो' हा शब्द मराठीत रुळला तो हँबुर्गच्या टेम्पो कंपनीच्या परवान्याने बजाज टेम्पोने बनविलेल्या तीनचाकी गाड्यांमुळे; आकुर्डीच्या या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, शब्द मात्र प्रत्येक खेड्यात राहिला. वाहनांच्या चाचणीसाठी १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया याच पुण्यात आहे, आणि रस्ता वाहतुकीचा अभ्यास करणारी, १९६७ साली सुरू झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट भोसरीस आहे. ज्या शहरात मोटारीची विद्या इतकी एकवटली आहे, त्याच शहराच्या वेशीवर शेतकऱ्याची गाडी मागील दिव्याविना उभी असते. विद्या नाही असे नव्हे. तिला खेड्यापर्यंत नेणारा माणूस नाही.

तो माणूस विस्तार कार्यकर्ता असावा काय? वाहन हे परिवहन खात्याचे काम, त्याचा शेतीशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परिवहन खाते आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीची दरवर्षी तपासणी करते व त्या दिवशी सर्व दिवे लागतातही. परंतु उरलेले दिवस गाडी शेतावर असते, आणि तेथे जाणारा माणूस कृषी खात्याचाच असतो. शिवाय १२ व्होल्टची हीच मांडणी ट्रॅक्टरमध्ये आहे. ट्रॅक्टरचा सेल्फ पेरणीच्या ऐन वाफशावर रुसतो तेव्हा तो परिवहनाचा प्रश्न राहत नाही. पंप व फवारणी यंत्र यांच्या देखभालीचे वर्ग भरतात. त्यांतच एक दिवस या विषयास द्यावा. त्या दिवशी व्याख्यान नको. गावातील एक जुना पिकअप झाडाखाली उभा करावा, त्यातील एक अर्थिंग मुद्दाम सैल करून ठेवावे आणि जमलेल्या तरुणांच्या हाती टेस्ट लॅम्प द्यावा. तासाभरात एखाद्याला तरी दोष सापडेल आणि तो उरलेल्यांना शिकवील. मुलींनाही या वर्गात बसवावे. घरची गाडी सुरू होत नाही तेव्हा घरी कोण असेल हे सांगता येत नाही.

या शिकवणुकीस मर्यादा आहेत, त्या आधीच सांगाव्यात. जुन्या डिझेल गाडीत इंधनपंप यांत्रिक असतो, त्यामुळे एकदा सुरू झालेले इंजिन विजेवाचूनही चालते आणि उतारावर गाडी लावून धक्क्याने सुरू करण्याची सवय जडते. ही सवयच बिघाड वर्षभर झाकून ठेवते. त्यातही इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'डायनॅमो तपासण्याची' जी प्रथा आहे तिने अल्टरनेटरमधील डायोड जळतात. ती बंद करावी. अलीकडच्या गाड्यांत इंधनाचा फवारा संगणकी नियंत्रकाच्या हुकमाने होतो. त्यांच्या नियंत्रकाच्या व सेन्सरच्या बारीक तारांत टेस्ट लॅम्प खुपसू नये. तेथे जाणकाराकडेच जावे. दिवे, कर्णा, सेल्फ आणि बॅटरी यांची अर्थिंगे मात्र या गाड्यांतही तशीच पाहता येतात. हौद्याला वेल्डिंग करावयाचे असेल तेव्हा, गाडी जुनी असो की नवी, बॅटरीचे ऋण टोक व अल्टरनेटरची जोडणी सोडल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नये, आणि वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावावयास सांगावे.

या कामास सोयीचा काळ मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा होय. भाजीची आवक त्या सुमारास थोडी मंदावलेली असते, खताच्या फेऱ्या अद्याप सुरू व्हावयाच्या असतात आणि पत्रा कोरडा असतो. हौद्याच्या फळ्या उचलून मागील दोन्ही दिव्यांची अर्थिंगे, इंजिनची पट्टी आणि बॅटरीची दोन टोके एवढे पाच सांधे उघडून घासावेत. नंतर अंधार पडल्यावर घरातील कोणास तरी गाडीमागे दीडशे पावलांवर उभे करून ब्रेक दाबून पाहावा, आणि दिवा दिसला की नाही हे त्याच्याकडून ओरडून घ्यावे.